फोन उचलल्यावर

मी फोन उचलला की तो मरायचा.

स्वयंपाकघरातला पिवळा रिसीव्हर कानाला लावला
की आधी चरचर, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी,
मग तळघरातून लाइलचा आवाज,
"आर्डिस! ठेव! ठेव आधी!"
तोवर उशीर झालेला असायचा.
कुठल्यातरी खाडीवर त्याचं विमान
सरळ रेषेत जात राहायचं, आत कुणी नसलेलं,
आणि ज्याला दिसेल त्याने फक्त बटण दाबायचं.

डुलुथ, एकोणनव्वदचा जानेवारी.
बंदर गोठलेलं, खनिजाची जहाजं धक्क्याला बांधलेली,
म्हणून लाइल घरी, बिनपगारी,
आणि लढाई तासाला सहा डॉलर, संध्याकाळी सहानंतर.
दिवसा परवडत नाही, म्हणायचा,
जणू रात्री परवडत होती.

एकदा जिना उतरून गेले.
म्हटलं, घर विकायला लावणारं आहे तरी काय ते बघू.
काळ्या पडद्यावर चार हिरव्या रेघा.
हा डोंगर, तो म्हणाला. ही धावपट्टी.
आणि हा ठिपका म्हणजे ओहायोतला एक दातांचा डॉक्टर,
फार नीच माणूस.
ठिपका इथे होता, एकदम तिथे गेला,
मधलं आकाश न ओलांडताच.
लाइन मंदावली की होतं असं.
माणूस दिसतो तिथे नसतोच कधी,
नेम थोडा पुढे धरावा लागतो.
अठरा वर्षांत इतकं समजावून
त्याने मला काही सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीचं बिल: चारशे बारा.
त्या रात्री मी फोन उचलला.
कुणाला लावायचा नव्हता.
अंडी उकडायचं घड्याळ लावून
तीन मिनिटं चरचर ऐकत उभी राहिले.
खालून ओरडणं आलं नाही.
खुर्ची मागे सरकल्याचा आवाज, तेवढाच.

दहा दिवसांनी मूस जॉहून पत्र,
राणीचं तिकीट, अक्षर थरथरतं पण ओळीत.
"प्रिय ओल्या मोज्या,"
हे माझ्या नवऱ्याचं आकाशातलं नाव,
"मंगळवारी तू माझ्या मागे लागला होतास
आणि मध्येच सरळ उडायला लागलास,
झोपेत चालणाऱ्यासारखा.
तुझी लाइन तुटली हे मी ओळखलं.
चव्वेचाळीस साली मी खऱ्या बॉम्बरच्या शेपटीत बसायचो.
तिथेही एक जण असाच सरळ आला होता.
का, ते कधी कळलं नाही.
तेव्हा मी दाबलं.
परवा दाबलं नाही.
एवढंच कळवायचं होतं. इथे उणे एकतीस आहे."
खाली सही, वासिल ह्रिन्चुक,
आणि तिच्याखाली बारीक अक्षरात: घुबड.

लाइलने ते दोनदा वाचलं,
माझ्या हातात दिलं आणि
कारण नसताना गाडीवरचा बर्फ काढायला गेला.

पुढच्या मंगळवारी मला बहिणीशी बोलायचं होतं.
तळघराच्या दाराखाली हिरवट उजेड.
मी कोट घातला, बूट घातले,
गुडघाभर बर्फातून हाल्वोर्सनांकडे गेले.
फोन बंद पडला का गं, तिने विचारलं.
नाही, म्हटलं, चालू आहे.