पाचव्या रिळातली खिडकी

डिसेंबरात बोरा वारा सुटला की
मासळीबाजारामागच्या आमच्या हॉलमध्ये तोच सिनेमा लागतो.
इथेच, त्रिएस्तेत काढलेला. एकावन्न सालचा. काळापांढरा.
विमा कंपनीतला एक कारकून
भागीदाराला धक्क्यावरून पाण्यात ढकलतो
आणि पुढचा दीड तास
स्वतःच्या सावलीला वाट देत चालत राहतो.

मी वर, यंत्रापाशी.
मला माणसं दिसत नाहीत, डोक्यांच्या कडा दिसतात,
आणि कोण कुठल्या प्रसंगाला खोकतं ते पाठ आहे.

दिवे लागले की भांडण.
दुशान, ट्रामचा निवृत्त ड्रायव्हर, सत्तावीस वर्षं ओरडतोय :
"डोंगरावरची ट्राम बंदराकडे वळतच नाही!
जिथे रूळ नाहीत तिथे खुनी उतरतो कसा?
पुढचं सगळं झूट."
औषधांच्या दुकानातली ओंदिना
ओल्या फरशीवरच्या उजेडावर फिदा.
गोष्ट गेली चुलीत, म्हणते, तो उजेड बघा.
तिचा भाचा जांभई देतो :
"खुनी दहाव्या मिनिटाला कळतो. मग उरतं काय?"
"उरतं ते बघ की, मेल्या."
यास्नाने यंदा मोजलं :
सिनेमात बायका दोन, दोघींची मिळून वाक्यं नऊ,
त्यातलं एक "तुमचा कोट."

आणि माजी न्यायाधीश कोसुत्ता, मफलर गुंडाळत :
"पुरावा काय? खिडकीतला पडदा हलला,
तेवढ्यावर हा भेदरतो, पळतो, सापडतो!
माझ्या कोर्टात सुटला असता."
"चोराच्या मनात चांदणं, साहेब."
"चांदण्याला साक्षीला बोलावता येत नाही."

निवेस कधीच काही बोलत नाही.
एक्क्याऐंशी वर्षांची, चौथ्या रांगेत कडेला,
पर्स मांडीवर उभी धरून.
ती खिडकी त्यांची होती.
सिनेमावाल्यांनी आईला कॉफीची दोन पाकिटं दिली होती,
दिवा लाव, आम्ही हात केला की पडदा ओढ.
निवेसला त्या संध्याकाळी मावशीकडे धाडलेलं.
आईचा फोटो घरात एकही नाही.
आहे तो हा हात, पाचव्या रिळात,
चार सेकंद, नुसता काळा आकार.
त्यासाठी ती तिकीट काढते.
सिनेमा कसा वाटला म्हणून तिला कुणी विचारलेलं नाही.

यंदा रोमहून धुतलेली नवी प्रत आली.
ओरखडे गेले, पाऊस पडल्यासारखं दिसायचं ते गेलं,
सावल्यांच्या पोटातलं सगळं वर आलं.
धक्क्यावरचे दोर मोजता येत होते.
पडदा हलला.
हाताला मनगट होतं,
मनगटाला रुंद पट्ट्याचं घड्याळ.
पुरुषाचं.

खोकला नाही. काहीच नाही.

नंतर ओंदिना म्हणाली, असेल कुणी दिवेवाला,
आईला जमलं नसेल, त्याने ओढला.
दुशान म्हणाला, माझ्या बापाचं असंच होतं घड्याळ,
मग उगीचच म्हणाला, बऱ्याच जणांचं होतं.
न्यायाधीश मफलर पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिले.

निवेस जिना चढून माझ्या खोलीत आली, पहिल्यांदाच,
कठड्याला धरत, एकेक पायरी.
"बाबा युद्धातून परत आले नाहीत,
असं आईने सांगितलेलं," ती म्हणाली.
मला नाही. यंत्राला.
"चव्वेचाळीस साली."

मी विचारलं, जुनी प्रत आहे अजून कपाटात,
लावू का? त्यात नुसता हातच दिसेल.

तिने पर्स या हातातून त्या हातात घेतली.
बाहेर वारा पत्र्याची पाटी आपटत होता,
खाली दुशानची ट्राम अजून वळत नव्हती.

"नको," ती म्हणाली, "नवीच लावा.
आणि टुलियो,
जरा हळू चालवता येतं का हो तुम्हाला?"