सहा महिन्यांनी या

पहिल्या कागदावर ती अठरा मिलिमीटर.
वडगावातून चालत गेले होते,
पोटभर पाणी पिऊन, लघवी दाबून,
खडेबाजारातल्या त्या अंधाऱ्या खोलीत.
जेल गार होतं. पडद्यावर नुसत्या मुंग्या.
इथे बघा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला काही दिसलं नाही.
"गड्डे," त्यांनी लिहिणाऱ्या पोरीला सांगितलं,
मग माझ्याकडे वळून, "गाठ आहे. हेदरब्याड."
दोन्ही भाषांत ती तेवढीच होती.

आमच्या धंद्यात गाठ म्हणजे दुरुस्ती.
धागा तुटला, थुंकी लावली, गाठ मारली, माग सुरू.
माझ्यात कुठं काय तुटलं होतं
हे त्यांनी विचारलं नाही.
मीही नाही.

सहा महिन्यांनी या.
इथं तारखांची सवय असते सगळ्यांना,
गाव कुणाचं हे सांगायलाही अजून तारीखच पडते.

एकतीस. मग एक वर्ष गेलेच नाही,
सुलक्षणाची दहावी होती, मालकाची उचल फिटायची होती.
मग सत्तावन्न.
पाळी आठ दिवस, मग अकरा.
घरातली जुनी सुती लुगडी संपली
तेव्हा नापास झालेल्या साडीचे तुकडे केले, काठासकट.
नकली रेशीम रक्त पीत नाही.
वीस वर्षं त्याच्या कांड्या भरल्या,
आणि हे मला तेव्हा कळलं.

रक्त सहा पॉइंट दोन.
जिना चढले की कानात माग चालायचा,
रविवारीसुद्धा, लाईट गेलेली असतानासुद्धा.
लोहाच्या गोळ्यांनी जीभ खिळ्यासारखी लागायची.

ब्याण्णव.
"पिशवी चौदा आठवड्यांची झालीय."
त्यांचं माप तसंच असतं, आठवड्यांत.
मी तेव्हा चव्वेचाळीसची.
शेजारची शांतव्वा पोटाकडे बघून म्हणाली,
"वाढूलालंय गे, काय लपवूलालीस?"
खानापूरच्या बसमध्ये एक कॉलेजची मुलगी उठली,
बसा म्हणाली, जपून.
मी बसले.
खोटं बोलले नाही. खरंही सांगितलं नाही.
नंदगडच्या फाट्यापर्यंत पोटावर हात ठेवून
कुणाचीतरी आई होणार असल्यासारखी बसून राहिले,
आणि खरं सांगायचं तर
ते मला आवडलं.

काढून टाका, मोठ्या दवाखान्यात म्हणाले.
विचारून सांगते म्हटलं.
विचारायचं कुणाला, हे ठरवण्यातच दोन वर्षं गेली.

मग एका दिवाळीनंतर पाळी आलीच नाही.
मी कोपऱ्यात कापड घडी करून ठेवलेलं,
संक्रांतीपर्यंत ते तसंच. शिमग्यापर्यंत तसंच.
पुढं त्याच्यानं देव पुसले.

चौसष्ट. एकेचाळीस.
तिचं खाणंपिणं बंद झालं आता, डॉक्टरीणबाई हसल्या.
त्यांचेही केस पांढरे झालेले,
लिहिणारी पोरगी बदललेली.
"बघा, कडेनं चुना धरलाय."
अंड्याच्या कवचाची किनार असावी तशी
मुंग्यांच्या मधोमध एक पांढरी रेघ.
या वेळी मला दिसली.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिचं तोंड बघितलं.
सहा महिन्यांनी या, असं या वेळी कुणी म्हणालं नाही.
मी दारात थोडी थांबले, म्हणतील म्हणून.

काल रात्री चिकोडीहून सुलक्षणाचा फोन.
जावई झोपल्यावर, हळू आवाजात.
"आई, बावीस मिलिमीटर म्हणजे केवढी?"
शिवणाच्या मशीनमागून साडीच्या दुकानाची पिशवी काढली,
कागद तारखेनं लावले मांडीवर.
वरचे पिवळे पडलेत, आकडे पुसट.
केवढी म्हणून सांगू?

पहिल्यांदा काही दिसत नाही, तिला म्हटलं.
रक्त तपासून घे. तारीख चुकवू नकोस.
कागद टाकू नकोस एकही.
आणि घरात सुती कापड ठेव,
खरं सुती.
हातात चोळून बघ, मग घे.