कालचं तिकीट

शनिवारी निघायचं, शुक्रवारी पोचायचं.
खिडकीमागचा लेउपोलू हे इतक्या सहज सांगतो
जसं कुणी सांगावं, केळी डाव्या हाताला मिळतील.

साफोतूहून पहाटे चारची बस.
मग सालेलोलोगाच्या धक्क्यावरून फेरीबोट
(काही खायचं नाही, सामुद्रधुनी परत मागते).
पलीकडे उतरून विमानतळ,
आणि अर्ध्या तासाचं विमान,
इतकं लहान, की सामानासारखं माणसालाही
काट्यावर उभं करतात.
"मावशी, दोघींचं मिळून वजन सांगा," लेउपोलू म्हणतो.
दोघी म्हणजे मी आणि चटई.

अळूचे कंद तिकडे उतरू देत नाहीत. माती चालत नाही.
कोको चालतो. भाजला, कुटला, थापून वड्या केल्या,
अजून नखांत आहे.

आमच्या बेटांनी एकदा एक दिवस गाळला होता.
व्यापाराला बरं पडतं म्हणून
तारखेची रेघ उचलून आमच्या पलीकडे ठेवली:
गुरुवारी झोपलो, शनिवारी उठलो.
मधली तीस डिसेंबर कुणालाच मिळाली नाही.
नेमका आईचा वाढदिवस.
आई म्हणाली, बरंच झालं, एका वर्षाने लहान राहिले.
पण दुपारी केक करू का विचारलं
तर म्हणाली, कशाला? आज कुठे आहे?

तेवढ्यात पागो पागोहून ईलीसापेताचा फोन.
त्यांनी रेघ हलवली नव्हती.
"आई, इथे आज शुक्रवार. इथे तुझा वाढदिवस आहे."
आई हसली, खूप वेळ, मग खोकली:
"मग ठेव जपून. बोट आली की पाठव."

बोटी आल्या. टूनाचे डबे आले, जुने कपडे,
ताविताचा शाळेतला फोटो.

पुढे आई गेली.
मी फोनवर म्हटलं, गुरुवारी माती.
कुणाचा गुरुवार, ते म्हटलं नाही.
ती तिच्या गुरुवारी निघाली,
कारखान्यातून तशीच, केसांना माशाचा वास,
आणि आमच्या शुक्रवारी अंगणात उभी राहिली.
दगड रचून झाले होते. लोक पत्रावळी उचलत होते.
ती म्हणाली, तू मुद्दाम.
मी म्हटलं, तुला मोजता येत नाही.
दोन्ही वाक्यं चार वर्षं टिकली.
मीठ लावलेलं काहीही टिकतं.

चटई तिच्यासाठी आईने घातली होती,
केवड्याच्या पातीची, रेशमासारखी बारीक,
एक कोपरा राहिला.
तो मी विणला. आईची वीण घट्ट, माझी सैल,
जोड कुठे आहे ते ईलीसापेताच्या बोटांना
अंधारातही कळेल. कळू दे.

यंदा तीस तारीख शुक्रवारीच येते.
म्हणून हे असं ठरवलंय:
शुक्रवारी इथे राहायचं, आईच्या दगडांवरचं गवत काढायचं,
केक करायचा, शेजारच्या पोरांना वाटायचा,
रात्री झोपायचं. झोप आली तर.
मग शनिवारी उठून जायचं
आणि तोच शुक्रवार तिकडे पुन्हा गाठायचा,
सकाळपासून तिने वापरलेला,
थोडा चुरगळलेला,
पण शिल्लक.

ईलीसापेता दार उघडेल की नाही
हे लेउपोलूच्या तक्त्यात नाही.
परतीचं तिकीट त्याने विचारलं.
परत येताना एक दिवस हातचा जातो, मावशी,
सोमवारी निघालात की मंगळवार.
म्हटलं, ते नंतर.

ताविताला निरोप लिहायला बसले.
शुक्रवारी विमानतळावर ये, लिहिलं.
पाठवणार, तेवढ्यात थांबले.
एक शब्द मागे जाऊन घातला:
तुमच्या.
तुमच्या शुक्रवारी ये.
आईला सांगायचं की नाही ते तू बघ.