शेवटचा आकडा

रात्री अकराला दहा कमी असताना
सर्व्हर गेला.
गेला म्हणजे कुठे जाणार?
अंबडच्या ऑफिसात, बोरस्ते साहेबांच्या केबिनमागे,
फायलींचं कपाट आणि पाण्याचा जार यांच्यामधल्या सापटीत
घरघरत असणारच.
इथे गंगापूर रोडला, माझ्या पडद्यावर,
अर्धी टाइप केलेली नोंद गोठली,
राखाडी झाली,
आणि एक चौकट मोजायला बसली:
पुन्हा जोडत आहे, वीसपैकी एक.
वीसपैकी दोन.

आज तारीखही वीसच.
जीएसटी भरायचा बाराच्या आत.

करायचं ते सगळं केलं.
राउटर बंद, चालू. व्हीपीएन तोडलं, जोडलं.
पिंग मारला, तर उत्तर येत होतं.
चार हाका, चार ओ.
इथेच फसले.
ओ देणारा दार का उघडत नाही,
यात बावीस मिनिटं गेली.
फायरवॉलला शिव्या दिल्या, परवाच्या अपडेटला दिल्या,
मग कुणीच उरलं नाही तेव्हा
केदा आहिरेंना फोन लावला.

केदाभाऊ कळवणकडचे. गेटवर रात्रपाळी.
"लाईट गेलती ना ताई, पाच मिंटं.
ते यूपीएस वरडलं, मंग गप झालं."
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी विचारलंही नव्हतं.

पासवर्ड फोनवर सांगू नये,
असा मेल दर तिमाहीला मीच सगळ्यांना पाठवते.
सांगितला.
एमएच पंधरा, दोन अक्षरं, चार आकडे.
एका बोटाने दाबलेली एकेक कळ मला ऐकू येत होती.
"ताई, ही तर गाडी हाये. कुनाची?"
"बाबांची. लुना."
"हाये अजून?"
"विकली."
पुढची कळ जरा उशिरा वाजली.
"नंबर चांगला हाये," ते म्हणाले.

मग म्हणाले, "तुमचं कायतरी अर्धं पडलंय इथं."
"राहू दे तसंच. आता खिडकीचं चित्र असलेलं बटण, आणि सोबत आर."
"आर राजस्थानचा?"
"तोच."
इंग्रजी अक्षरं त्यांना ट्रकांनी शिकवली आहेत,
गेटच्या रजिस्टरात उतरवता उतरवता.
काळी खिडकी उघडली.
आय. पी, यूपीचा. सी, छत्तीसगडचा.
जी गुजरातचा असेपर्यंत आलो,
एंटर.
"लई ओळी आल्या."
"आकडे वाचा, टिंबासकट."
"एकशे ब्यानव. टिंब. एकशे अडुसष्ट. टिंब.
एक. टिंब.
त्रेचाळीस."

त्रेचाळीस.
आणि मी इतका वेळ चाळिसाचं दार वाजवत होते.
लाईट आल्यावर राउटरने पत्ते नव्याने वाटले,
जो आधी जागा झाला त्याला आधी,
आणि चाळिसात जाऊन बसलं
हजेरीचं अंगठ्याचं मशीन.
तेच बिचारं ओ देत होतं.
रात्री अकरा वाजता कुणीतरी हाक मारतंय,
त्याला काय माहीत कोणाला.

सर्व्हरचा पत्ता पक्का करून ठेवणं माझं काम.
दिवाळीपासून यादीत आहे, सातव्या ओळीत,
"टोनर मागवणे"च्या खाली.
टोनर आला.

त्रेचाळीस टाकलं.
चौकट थबकली, काळी झाली, आणि उजेड पडला.
माझी अर्धी नोंद, जिथे सोडली तिथेच,
रकमेच्या तिसऱ्या आकड्यापाशी
कर्सर उघडमीट करत उभा.

फोनमध्ये केदाभाऊ घाबरले.
"ताई, इथला पडदा गेला! मी हात नाय लावला हां."
"नाही हो, ते मी आले."
"आल्या? कुठं, गेटवर?"
मी काही सांगायच्या आत
खुर्ची सरकली,
किल्ल्या वाजल्या,
आणि फोनमध्ये पांडवलेणीकडचा वारा शिरला.

बाराला नऊ मिनिटं.
मी उरलेले आकडे टाकत होते,
आणि तिकडे कुणीतरी माझ्यासाठी
लोखंडी गेट ढकलत होतं,
पूर्ण, दोन्ही फळ्या.