केसाएवढं

कन्नड घाट उतरला की चाळीसगावात
पहिलं गॅरेज सुभान तडवीचं.
ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, म्हणालो.
त्यानं चाक काढलं, डिस्कला डायल लावून
हळूहळू फिरवली.
काटा हलला. केसाएवढा.

"घाटभर पाय ब्रेकवरच व्हता ना?
आनि खाले येताच पानी मारं?"

मारलं होतं. बादलीभर.
चर्र झालं, वाफ उठली,
मला बरं वाटलं होतं.

निळसर डाग त्यानं अंगठ्यानं घासून पाहिला.
गेला नाही.

"दुसऱ्या गिअरमा उतरानं, भो.
इंजिनले धरू दे थोडं."

नवी डिस्क उद्या, धुळ्याहून.
रात्री त्याच्याच बाकड्यावर आडवा झालो,
केळीचे ट्रक जात राहिले.
डोळा लागेना.
उजवा पाय अजून
दाबूनच धरलेला.