हत्तरगीच्या पुढचे सात किलोमीटर

हत्तरगीचा टोल आठवतो.
वर गेलेला दांडा, फास्टॅगचा बीप,
बूथमधल्या पोरीची जांभई, दाढेपर्यंत दिसलेली.
मग एकदम ढाब्याचा निळा दिवा,
आणि तो दिवा तर यमकनमर्डीच्या पलीकडं.
मधले सात किलोमीटर कुठं गेले?

चालवले मीच.
उसाच्या ट्रॉलीला बगल दिली असणार,
पूल आला असणार, गेलाही असणार.
स्टेअरिंगवर हात माझेच होते.
मी नव्हतो.

मागं अकरा माणसं,
गडहिंग्लजचं लग्न आटपून निघालेली.
कुणाच्या मांडीवर कुणाचं डोकं,
करवलीच्या मुठीत अर्धा लाडू,
सीटखाली अक्षता, गाडीभर शिळा मोगरा.
अकरा जणांची झोप
माझ्या दोन डोळ्यांच्या हवाली,
आणि त्यातलीच थोडी मी चोरून खाल्ली.

सकाळी गोकाक, दुपारी सौंदत्ती, रात्री हे वऱ्हाड.
वर तवनाप्पा शेठचा फोन:
"भरमा, उद्या सहाला सांबऱ्याला हं. पार्टीचं विमान आहे."

झोप काय दरोडेखोर नव्हे.
ती पाहुणीसारखी येते,
उंबऱ्यावर चप्पल काढून,
"टेकते हं जराशी" म्हणत.

तंबाखू मळून झाली, निपाणीची, कडक.
काच खाली केली. गाणी मोठ्यानं लावली.
हिरवी मिरची चावली:
डोळ्यांत पाणी आलं, झोप होती तिथंच.
हसनसाब, माझे उस्ताद, म्हणायचे,
"चहा तुला जागं ठेवत नाही बेटा,
तू जागा आहेस असं खोटं सांगतो."
हे त्यांना कळलं तवंदीच्या घाटानंतर,
सिव्हिलमधल्या खाटेवर,
चादर गुडघ्यापाशीच सपाट झालेली.

दोन श्वास डोळा लागला तर काय होतं?
ऐंशीच्या स्पीडला दोन श्वासांत
आमची आख्खी गल्ली संपते,
पिंपळासकट, पाराएवढ्या म्हाताऱ्यांसकट.

दिव्यात एक पाटी उजळली.
कानडी मला बोलता येतं, वाचता येत नाही,
पण ही चार अक्षरं शिकून घेतलीयत:
अपघात.
दोन्ही भाषांत तोच शब्द.
ह्याच्यावरनं कुणी मोर्चा काढत नाही.

पंप दिसला. गाडी आत घेतली, इंजिन बंद.
इंजिन थांबल्याबरोबर सगळे जागे झाले.
"पंक्चर?"
होय म्हणणार होतो.
पंक्चर म्हटलं की माणसं खाली उतरून मदत करतात,
झोप म्हटलं की हसतात.
"झोप आलीया," म्हटलं. "वीस मिनिटं द्या."

"आता? बेळगाव आलंच की!"
नवऱ्याचा मामा घड्याळ दाखवायला लागला.
तेव्हा मागनं नागूबाईचा आवाज,
सगळ्या वऱ्हाडात थकलेली तीच:
"गप की गा.
पोरगं पेंगायला लागलं
तर त्याच्या हातात विळा देतोस काय?"

ती पुढं येऊन बसली, क्लीनरच्या जागेवर.
मी मोबाइलला गजर लावला.
"कशाला त्ये? मी हाय की," म्हणाली,
आणि हायवेकडं तोंड करून ट्रक मोजायला लागली.

गजर वाजायच्या आधी तिनंच हलवलं.
"एकसष्ट गेले बघ. त्यातले दोघं वाकडे चालवत होते."
तोंडावर पाणी मारलं. रस्ता
पुन्हा रस्त्यासारखा दिसला, पांढऱ्या पट्ट्यांसकट.

काकतीच्या अलीकडनं शेठला फोन केला:
सांबऱ्याला दुसरा माणूस बघा.
शेठ बोलायचं ते बोलला.
त्या महिन्यात पगारातून कापलंही.

अजून त्या वाटेनं जाताना, दिवसाउजेडी,
ते सात किलोमीटर मी हळू चालवतो.
चिंच. मोरी. शाळेचं कुंपण. पुन्हा चिंच.
एकही ओळखीचं वाटत नाही.
त्या रात्री इथनं कुणीतरी
अकरा माणसं घेऊन गेला होता.
कोण होता तो, तुम्हाला भेटला तर सांगा.
किल्ली त्याच्या हातात द्यायची नाही.