नसलेल्या पेरांचं माप

पहिल्यांदा आली तेव्हा सोआझिगनं
हात कोटाच्या खिशातून काढलाच नाही.
भिंतीवरच्या पकडी, कानशी, लाकडी हातोडे
पाहत राहिली, परक्या स्वयंपाकघरात
भांडी मोजावीत तशी.
मग म्हणाली, अंगठी हवी.
माप?
तिनं हात टेबलावर ठेवला.
मधल्या बोटाला एकच पेर.

उरलेली दोन झाकणं ठोकणाऱ्या यंत्रानं नेली,
सतराव्या वर्षी, ब्रिटनीच्या याच बंदरात,
सार्डिनचे कारखाने तेव्हा रात्रंदिवस चालायचे.
‘मुकादमानं पट्टा थांबवला,
पण माझ्यासाठी नाही, तेल सांडलं म्हणून.’
हवापाण्याचं बोलावं तसं बोलली.

आझेनोरनं मेणाचं बोट घडवलं
नखासकट, सांध्यावरच्या सुरकुत्यांसकट,
तीन रात्री जागून.
सोआझिगनं चष्मा पुसला, पाहिलं, हसली.
‘बोटं आहेत गं माझ्याकडे. नऊ.
गेलं ते आता बोट राहिलेलं नाही.
साठ वर्षांत त्याचं भलतंच काही झालंय.
थंडीत ठणकतं. खाज सुटते,
खाजवायला जावं तर हाताला हवा लागते.
ते कर.’

ओहोटीला आझेनोर पुळणीवर गेली.
माखळी मेल्यावर तिच्या पाठीतला समुद्रफेस
लाटा आणून टाकतात, होडीच्या आकाराचा, पांढरा,
इतका मऊ की नखाची खूण उमटते.
लोक पिंजऱ्यातल्या पोपटांना देतात तो.
तिनं पिशवी भरली.
दोन फेस काचकागदावर सपाट घासले,
आत एक पोकळी कोरली,
कशाचीच नाही अशी,
वर नरसाळं, हवेला दोन बारीक वाटा,
आणि दोन्ही अंगं तारेनं आवळून बांधली.

आमच्या भाषेत मासा हे वजनही असतं,
सोनाराचं, तोळ्याला बारा.
मी हे सांगितलं तशी ती म्हणाली,
‘मग या गावात तेच माप बरं.’
पंचवीस मासे चांदी मुशीत गेली:
दोन चमचे, एक तुटकी साखळी,
कुणीतरी न नेलेलं कानातलं.
चिमूटभर सवागी.
रस आरशासारखा गरगरू लागला.

ओतताना जळक्या केसांचा वास आला,
आणि त्यामागून समुद्राचा.
मधेच बाहेर ट्रक करकचला, तिचा हात अडखळला.
तेवढ्यानं रस निम्म्या वाटेत गोठला.
साचा उघडला तर हे असं:
खाली जाड कडं,
वर जाता जाता पातळ होत
एका बाजूला फाटलेली कड,
अंगभर फेसाच्या थरांच्या रेषा,
पाणी ओसरलं की वाळूवर राहतात तशा.

ते भंगाराच्या डबीत पडलं.
दुसरं भरलं पूर्ण. तिसरंही.
शनिवारी दोन्ही मखमलीवर मांडलेली.

सोआझिगनं डबीच उपडी केली.
‘हे.’
‘ते फसलंय.’
‘दिसतंय मला.’
‘कड तरी कानशीनं जरा…’
‘हात लावशील तर बघ.’

वजनाप्रमाणे किंमत निघाली, कमी निघाली.
‘न भरलेल्याचेही पैसे लाव,’ म्हणाली म्हातारी,
आणि खरंच पुढे केले.
आझेनोरनं घेतले. यावरून आमचं
नंतर दोन दिवस वाजलं.

ठणका थांबलेला नाही, ती सांगते.
एवढंच की कुठे ठणकतं त्यावर
आता बोट ठेवता येतं.

सकाळी बेकरीत रांग असली
की ती काचेवर टकटक करते, त्याच हातानं.
चांदीचा आवाज खणखणीत लागत नाही,
जाड, जरा बसका लागतो.
आत पोऱ्या पीठभरल्या हातांनी वळून बघतो.
दोन पाव. कडेचे, जास्त भाजलेले.